बाभळीच्या शेंगांची शाई आणि काळा रंग : वेचणीपासून कापडापर्यंत

बाळगुटीच्या डबीत हळकुंड, वेखंड आणि हिरड्याच्या शेजारी जे खडबडीत, गोटीएवढे मायफळ असते, तेच पश्चिमेकडच्या जुन्या काळ्या शाईचे मूळ द्रव्य आहे. नावात फळ असले तरी ती झाडावरची गाठ असते. तुर्कस्तान, सीरिया आणि इराण या भागांत वाढणाऱ्या एका ठेंगण्या ओक वृक्षाच्या कोवळ्या डहाळीत एक चिमुकली माशी अंडे घालते, त्या जागेभोवती झाडाच्या पेशी फुगत जातात आणि आतल्या अळीला अन्न व आसरा देणारी कठीण गाठ तयार होते. या गाठीत वजनाच्या निम्म्याहून अधिक टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, असू शकते. अळीची माशी होऊन ती भोक पाडून बाहेर पडण्याआधी गाठ तोडली तर टॅनिन भरपूर मिळते. त्यामुळे निळसर-हिरव्या, जड आणि बिनभोकाच्या गाठी उत्तम समजल्या जातात, तर फिकट, हलक्या आणि भोक पडलेल्या गाठींना कमी प्रतीचे मानतात.

हा ओक मराठवाड्यात वाढत नाही. मायफळ आपल्याला काष्ठौषधीच्या दुकानातून निवडूनच घ्यावे लागते. मात्र शाईला आणि रंगाला जे टॅनिन लागते ते आपल्याकडे शेताच्या धुऱ्यावर, ओढ्याकाठी आणि गायरानात भरपूर आहे, ते बाभळीच्या शेंगांत. तरवडाची साल, डाळिंबाची साल आणि हिरडा यांतही ते मिळते, आणि बाभळीच्या सालीत तर ते आहेच. परंतु साल काढली की झाड जखमी होते, आणि बुंध्याभोवती पूर्ण पट्टा निघाला तर ते मरते. शेंगा दर वर्षी येतात आणि त्या तोडल्याने झाडाचे काही बिघडत नाही. म्हणून या लेखात मुख्यतः शेंगांचीच कृती दिली आहे. शाईचा आणि रंगाचा कस चुलीवर ठरत नाही, तो वेचणीच्या दिवशी आणि वाळवणीच्या आठवड्यात ठरतो, हे माझे ठाम मत आहे. त्यामुळे त्या भागाला इथे अधिक जागा दिली आहे.

झाड ओळखणे आणि वेळ साधणे

मराठवाड्यात बाभूळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडांत बरीच सरमिसळ होते. आपल्याला हवी ती गावठी बाभूळ, जिला पावसाळ्यात पिवळी, गोल, लोकरी फुले येतात आणि जिच्या करड्या, मखमली लव असलेल्या शेंगेत प्रत्येक बीजाच्या मध्ये आवळलेली कंबर असते, त्यामुळे शेंग मण्यांच्या माळेसारखी दिसते. तेलिया आणि रामकाठी हे तिचेच प्रकार आहेत. रामकाठीच्या फांद्या खोडाला बिलगून सरळ वर जातात, त्यामुळे तिची सावली पिकावर कमी पडते आणि शेतकरी ती धुऱ्यावर राहू देतात. दोन्हींच्या शेंगा चालतात. याउलट नदीपात्रात आणि पडीक जमिनीवर माजलेली वेडी बाभूळ, म्हणजे विलायती बाभूळ, हे वेगळेच झाड आहे. तिच्या पिवळसर शेंगा गोडसर असतात, त्यांना मण्यांचा आकार नसतो आणि आपल्या कामाला त्या निरुपयोगी आहेत. पांढरट सालीचा हिवरही दुरून बाभळीसारखा दिसतो, पण त्याची शेंग अरुंद, वाकडी आणि तपकिरी असते. शंका आली तर शेंगेची कंबर पाहावी, तेवढी एक खूण पुरेशी आहे.

शेंगा पौष-माघात हिरव्या व भरीव होतात आणि चैत्र-वैशाखात वाळून गळू लागतात. वेचणीचा उत्तम काळ या दोन टोकांच्या मध्ये, साधारण फाल्गुनाच्या मध्यापासून चैत्राच्या शेवटापर्यंत असतो. त्या वेळी शेंग पूर्ण वाढलेली असते, तिचा हिरवा रंग करड्याकडे झुकलेला असतो, आणि ती अजून झाडाला घट्ट धरून असते. याहून कोवळी तोडली तर वाळल्यावर हाती फारसे वजन उरत नाही. अगदी गळून पडेपर्यंत थांबले तर दुसरी अडचण येते: टॅनिन पाण्यात विरघळते, आणि आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात अवकाळी पाऊस व गारपीट होतेच. जमिनीवर पडून एकदा भिजलेल्या शेंगेतला बराचसा अर्क मातीत गेलेला असतो. ती वरून कोरडी आणि धडधाकट दिसली तरी तिचा काढा फिका उतरतो. म्हणून पावसाआधी झाडावरून काढलेली शेंगच घ्यावी, आणि खाली पडलेल्या शेंगा घ्यायच्याच असतील तर त्या वर्षीच्या व न भिजलेल्या आहेत याची खातरी करून घ्याव्यात.

झाडावर शेंगेचा कस पाहण्याची एक सोपी रीत आहे. साध्या लोखंडाचा विळा स्वच्छ घासून घ्यावा आणि त्याने चार-सहा ओलसर शेंगा मधोमध कापाव्यात. पात्याला लागलेला चिकट रस सुरुवातीला रंगहीन दिसतो. थोड्याच वेळात त्याच्या कडा जांभळट होतात आणि मग पातेभर निळसर-काळा डाग पसरतो. डाग गडद आणि लवकर उमटला तर शेंग चांगली, राखाडी राहिला तर तिच्यात दम कमी. ही परीक्षा स्टेनलेस स्टीलच्या सुरीने होत नाही, कारण तिच्यातले लोखंड रसाला सहज मिळत नाही. एकाच शिवारातल्या दोन झाडांत फरक असू शकतो, म्हणून मोठी वेचणी करण्याआधी प्रत्येक झाडाची अशी परीक्षा घेणे फायद्याचे ठरते.

वेचणी

धुऱ्यावरची बाभूळ कुणाची तरी असते, आणि उन्हाळ्यात तिच्या शेंगांवर शेळ्यांचा हक्क आधीपासून चालत आलेला असतो. शेंगा हा शेळ्या-मेंढ्यांचा उन्हाळी चारा आहे, दुष्काळी वर्षी तर तो मोलाचा होतो. त्यामुळे शेतमालकाला विचारावे, त्या शिवारात शेरडे चारणाऱ्यांनाही सांगावे, आणि एका झाडावरच्या सगळ्या शेंगा कधीच काढू नयेत. वनखात्याच्या हद्दीतले झाड असेल तर परवानगीशिवाय हात लावू नये.

वेचणी सकाळी दव उडाल्यावर सुरू करावी, कारण ओलसर शेंगा पोत्यात दाबल्या गेल्या की त्यांना बुरशी धरते. लांब बांबूला आकडी बांधून शेंगांचा घोस असलेली डहाळी हलकेच ओढावी आणि झटकावी. फांदी तोडण्याची गरज नसते. खाली जुनी चादर किंवा बारदान अंथरावे, म्हणजे शेंगा मातीत पडत नाहीत आणि काट्यांतून एकेक वेचत बसावे लागत नाही. बाभळीचे पांढरे, सरळ, जोडीने येणारे काटे चपलेच्या रबरी तळव्यातून आरपार जातात, म्हणून जाड तळव्याचा जोडा आणि पूर्ण बाहीचा अंगरखा हवाच. हातांना लागलेला रस काही दिवस काळपट डाग ठेवतो. ज्यांना तो नको असेल त्यांनी हातमोजे घालावेत.

एक लिटर शाईसाठी वाळलेल्या, बिया काढलेल्या शेंगांचा अर्धा किलो कूट लागतो. बियांचे वजन, वाळताना होणारी तूट आणि निवडण्यात जाणारा भाग धरून ताज्या शेंगा त्याच्या किमान तिप्पट काढाव्यात.

वाळवण, निवडण आणि साठवण

जुन्या मातीच्या घरांची माळवदे या कामाला उत्तम, मात्र शेंगा थेट मातीवर पसरू नयेत. खाली कापड हवे. पहिले दोन दिवस कडक उन्हात ठेवून वरचा ओलावा घालवावा आणि त्यानंतर पत्र्याच्या शेडखाली किंवा ओसरीवर, वारा खेळेल अशा जागी, पातळ थरात पसरून रोज एकदा उलटाव्यात. मराठवाड्यातल्या चैत्राच्या कोरड्या हवेत आठवडाभरात शेंग पुरेशी वाळते. हाताने वाकवल्यावर ती कमरेशी खटकन तुटली आणि आतले बी खुळखुळले की काम झाले असे समजावे. ढग दिसले तर लगेच आत घ्यावे. या टप्प्यावर एक सर जरी पडली तरी सगळी मेहनत पाण्यात जाते.

वाळलेल्या शेंगा पोत्यात भरून काठीने बडवल्या की मणी सुटे होतात आणि बिया वेगळ्या पडतात. नंतर सुपात पाखडून बिया काढून टाकाव्यात. टॅनिन शेंगेच्या टरफलात असते. बियांत ते फारसे नसते आणि त्यांचा चिकटपणा काढ्याला गढूळ करतो. काढलेल्या बिया शेळ्यांपुढे टाकाव्यात किंवा रोपांसाठी ठेवाव्यात. अनेक शेंगांवर टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसतील. मायफळावरचे भोक म्हणजे कस गेल्याची खूण असते, परंतु इथे तसे समजू नये. हे भोक बी खाणाऱ्या भुंग्याचे असते, त्याने टरफलाचे फार बिघडत नाही. अशा शेंगा टाकून न देता आधी वापराव्यात, कारण साठवणीत त्यांच्यातला भुंगा इतरांना लागतो.

निवडलेली टरफले कापडी पिशवीत किंवा झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवली तर पुढच्या हंगामापर्यंत टिकतात. कूट मात्र आयत्या वेळीच करावा. कुटलेल्या मालाला दमट हवा लवकर लागते, त्याचा गोळा होतो आणि मग बुरशी टॅनिनच खाऊन टाकते.

शाईचा काढा

शाईत दोन द्रव्यांची गाठ पडते: टॅनिन आणि हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. ती एकत्र आली की जे संयुग तयार होते ते सुरुवातीला फिकट असते. हवेतला प्राणवायू मिळाल्यावर त्यातल्या लोहाचे रूप बदलते आणि काळा रंग कागदाच्या तंतूंतच तयार होतो. म्हणून ही शाई लिहिताना राखाडी दिसते आणि नंतर काळी होत जाते, आणि म्हणूनच ती पाण्याने सहज पुसली जात नाही. आपल्याकडच्या पोथ्या आणि मोडी दप्तरे बहुतेक काजळाच्या शाईने लिहिलेली आहेत. काजळ कागदाच्या पृष्ठभागावर बसते, ओल लागली तर पसरते, पण कागदाला खात नाही. लोहाच्या शाईचा गुण आणि दोष दोन्ही ती आत शिरते यात आहे, हे लक्षात ठेवून प्रमाण सांभाळावे. जुनी पोथी दुरुस्त करताना किंवा तिच्यातली पुसट अक्षरे गिरवताना ही शाई कधीही वापरू नये.

पाणी पावसाचे घ्यावे किंवा फिल्टरचे. मराठवाड्यातल्या बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातल्या चुन्याने टॅनिनचा काही भाग साक्यात बसतो आणि रंग मातकट होतो. भांडे स्टीलचे, मुलाम्याचे किंवा मातीचे चालेल. लोखंडाची कढई नको, कारण ती काढा शिजतानाच काळा करते आणि मग हिराकसाचे माप कळत नाही. शाईसाठी घेतलेले भांडे पुन्हा स्वयंपाकात वापरू नये.

अर्धा लिटर शाईसाठी टरफलांचा २५० ग्रॅम जाडसर कूट १ लिटर पाण्यात दोन दिवस झाकून भिजत ठेवावा. नंतर मंद आचेवर, खळखळून उकळू न देता, पाणी निम्मे होईपर्यंत ठेवावा. गार झाल्यावर जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून पिळून गाळावा आणि रात्रभर स्थिर ठेवून वरचे निवळ ओतून घ्यावे. पाणी कमी भरल्यास भर घालून ते अर्धा लिटर करावे. या काढ्याचा रंग गडद लालसर-तपकिरी असतो.

हिराकस निवडताना खडे फिकट हिरवे आहेत हे पाहावे. पिवळी-तांबूस भुकटी झालेला हिराकस जुना असतो, त्याने शाईत सुरुवातीलाच गाळ धरतो. कृषी सेवा केंद्रांत मोसंबीच्या आणि उसाच्या पिवळेपणावर देण्यासाठी १९ टक्के लोहाचे फेरस सल्फेट मिळते, ते चालते. मात्र चिलेटेड लोह घेऊ नये, कारण त्यातले लोह बांधलेले असते आणि टॅनिनशी त्याचे नीट जुळत नाही. वरच्या काढ्याला २० ग्रॅम हिराकस थोड्या कोमट पाण्यात विरघळवून हळूहळू घालावा. काढा तत्क्षणी काळवंडतो. मग बाभळीचाच स्वच्छ, फिका डिंक २० ग्रॅम आधी भिजवून, गाळून, त्यात मिसळावा. डिंकामुळे शाईला अंग येते, ती बोरूवरून एकदम ओघळत नाही आणि काळे कण तळाशी बसत नाहीत. बुरशी लागू नये म्हणून चार-पाच लवंगा कुटून बाटलीत टाकाव्यात.

मायफळ वापरायचे असल्यास याच अर्ध्या लिटरला ९० ग्रॅम मायफळ आणि ३० ग्रॅम हिराकस, म्हणजे तिनास एक हे प्रमाण ठेवावे. जुन्या कृतींत हिराकसाचे माप याहून बरेच जास्त आढळते, आणि त्याचे परिणाम युरोपातल्या दप्तरखान्यांत दिसतात: अतिरिक्त लोह आणि आम्ल यांनी अक्षरांच्या जागी कागद तपकिरी होऊन तुटलेला आहे. शाई फिकी वाटली तर हिराकस वाढवण्याचा मोह आवरावा आणि त्याऐवजी काढा अधिक आटवावा. बाभळीची शाई तपकिरी झाक असलेली काळी उतरते, मायफळाची निळसर काळी. दोन्ही काढे अर्धे-अर्धे घेतले तर मला तो रंग सर्वांत भरदार वाटतो, आणि खर्चही आटोक्यात राहतो.

परीक्षेसाठी वापरायच्याच कागदावर एक जाड आणि एक बारीक रेघ ओढून एक दिवस ठेवावी. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यानच्या कागजीपुरा गावात हातकागदाचे काम चालत आले आहे. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा कागदी कारागीर इकडे आले, असे सांगितले जाते. असा हातकागद खळ देऊन घोटलेला असेल तर त्यावर ही शाई सुरेख बसते. न घोटलेल्या कागदावर ती फुटते आणि अक्षराला लव आल्यासारखे दिसते. लिहिण्यासाठी बोरू वापरावा. फाउंटन पेनमध्ये ही शाई भरू नये, तिचा गाळ नळीत बसतो आणि आम्लाने निब झिजते. लोखंडी टाक वापरल्यास तो प्रत्येक वेळी धुऊन, पुसून ठेवावा. शाई काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून बूच लावावे, म्हणजे आत हवा कमी राहते. काही महिन्यांत तळाशी काळा थर जमू लागला की नवी करावी.

कापडाला काळा रंग

कापडासाठी तोच काढा चालतो, फक्त दोन्ही द्रव्ये एकत्र न मिसळता कापडाला एकामागून एक द्यायची: आधी टॅनिन, मग लोह. सुती कापड धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर उकळून खळ आणि तेलकटपणा काढावा, कारण खळ राहिली तर रंगाला ठिपके पडतात. कोरड्या कापडाच्या वजनाइतका टरफलांचा कूट, किंवा वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकी हिरड्याची पूड, भरपूर पाण्यात शिजवून, गाळून, त्यात कापड रात्रभर बुडवून ठेवावे आणि सकाळी न धुता पिळून सावलीत वाळवावे.

लोहासाठी कापडाला हिराकसापेक्षा लोखंडाचे आंबवलेले पाणी अधिक मानवते. जुने खिळे, बैलांचे झिजलेले नाल, मोडके विळे असे गंजके लोखंड माठात घालून त्यावर गूळ आणि पाणी ओतावे आणि फडक्याने तोंड बांधून पंधरा-वीस दिवस उन्हाळ्यात ठेवावे. वर फेस येतो, आंबूस वास सुटतो आणि पाणी काळपट होते. गाळलेले हे पाणी साध्या पाण्यात मिसळून त्यात कापड दहा-पंधरा मिनिटे सतत हलवत ठेवावे आणि बाहेर काढून हवेत पसरावे. कापड हवेत असतानाच करड्याचे काळे होत जाते, म्हणून घाईने दुसरी बुडी देऊ नये. अजून गडद हवे असेल तर पुन्हा टॅनिनच्या काढ्यात आणि पुन्हा लोहात, अशा हलक्या बुड्या द्याव्यात. एकाच जोरकस बुडीने येणारा काळा रंग असमान येतो आणि सुतालाही कमजोर करतो. हिराकसच वापरायचा असल्यास किलोभर कापडाला २० ते ४० ग्रॅमच्या वर जाऊ नये. रेशमाला लोह आणखी जपून लावावे. पैठणीसारख्या जुन्या वस्त्रावर हा प्रयोग करूच नये.

शेवटी कापड साध्या पाण्यात सुटा रंग निघेपर्यंत धुऊन सावलीत वाळवावे, आणि पहिल्या काही धुण्यांत ते वेगळे ठेवावे. हे सगळे काम अंगणात, मातीवर करावे. शहाबादी फरशीवर शाई किंवा लोखंडाचे पाणी सांडले तर आम्लाने फरशीची झळाळी जाते आणि डाग कायमचा राहतो. उरलेले लोहाचे पाणी भरपूर पाण्यात पातळ करून विहिरीपासून आणि जनावरांच्या हौदापासून दूर, पडीक जागी ओतावे, हिराकसाची पुडी लेबल लावून मुलांच्या हाताबाहेर ठेवावी, आणि काढ्यातला चोथा उकिरड्यात टाकावा, तिथे तो सावकाश कुजून खतात मिसळतो.